धंतोलीला कशाला गेले होते

माझ्या डोळ्यांखाली तिशीपासूनच खड्डे होते. रात्रभर गाढ झोपले तरी सकाळी जागरण केल्यासारखी दिसायची. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. स्टाफरूममध्ये शिरले की कोणी ना कोणी विचारायचंच, "बरं नाही का मॅडम?" मला बरं असायचं. पण रोज कोणी असं विचारलं की माणूस स्वतःचीच नाडी बघायला लागतो.

पंचेचाळिशी उलटल्यावर एक दिवस कॉलेज सुटल्यावर मी धंतोलीतल्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्यांनी दिव्याखाली चेहरा नीट पाहिला आणि दोन रस्ते सांगितले. फिलर म्हणजे इंजेक्शन. थोड्या वेळाचं काम, लगेच कामावर जाता येतं, पण ते हळूहळू विरतं आणि पुन्हा घ्यावं लागतं. दुसरा, खालच्या पापणीची सर्जरी. "तुम्हाला नुसता खड्डा नाही," ते म्हणाले, "त्याच्या वर चरबीची पिशवीपण आली आहे. फक्त खड्डा भरला तर तो भाग सुजल्यासारखा दिसू शकतो. सर्जरीत तीच चरबी खाली सरकवून खड्ड्यात बसवतो. पण नंतर सूज येईल, काळंनिळं होईल, काही दिवस लोकांना दिसेल." धोके दोन्हींचे सांगितले. पापणी खाली ओढली जाऊ शकते. फिलर रक्तवाहिनीत गेलं तर, फार क्वचित, नजरेलाही इजा होऊ शकते.

त्यांचा कल सर्जरीकडे होता. मी मनात फिलर ठरवलं. कारण एकच, कोणाला कळणार नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळसा उचलायचे. आईनं शिळं खाऊन मला तालुक्याच्या शाळेत पाठवलं. हे मी विसरले नाही, विसरणारही नाही. म्हणूनच वाटायचं, इतक्या कष्टानं शिकलेल्या मुलीनं डोळ्याखालच्या खड्ड्यांसाठी डॉक्टर गाठायचा म्हणजे काय!

मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरत असतानाच आईचा फोन आला. "कुठी हायेस वं?" मी बोलून गेले, "धंतोलीत, डॉक्टरकडे." "काहून? काय झालं?" "काही नाही आई, नंतर सांगते."

धंतोली म्हणजे शहरातल्या मोठ्या दवाखान्यांचा भाग, आमच्याकडे तिथे कोणी सर्दीसाठी जात नाही. गावातल्या डॉक्टरनं हात टेकले की माणसाला धंतोलीला आणतात. त्यात मी "नंतर सांगते" म्हटलं. आईनं त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

रविवारी दुपारी प्रताप नगरच्या आमच्या घरी कोराडीहून आई आली, सोबत काकू आणि त्यांची शेजारीण. हातात मोसंबी, बिस्किटांचे पुडे, नारळपाणी. आजारी माणसाला पाहायला जाताना जे नेतात ते सगळं. काकूनं दारातच गळ्यात पडून रडायला सुरुवात केली.

"डोळे तं पाह्य वं माय हिचे! किती आत गेले!"

"ते आधीपासूनच आहेत काकू."

"आधीपासून? अन् आम्हाले आता सांगून राहिली?"

शेजारीण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "घाबरू नको बाई. आमच्या जावेलेबी झालं होतं. आता चांगली भाकरी थापते."

आई माझ्याकडे बघत होती आणि तिचा पदर ओला झाला होता. नवऱ्याला ते पाहवेना. तो मध्येच म्हणाला, "अहो, तसं काही नाही. डोळ्याचं लहानसं ऑपरेशन आहे. मोतीबिंदूसारखं."

सुटकेचा रस्ता समोर होता. नुसती मान हलवली असती तरी सगळ्या सुखानं चहा प्यायल्या असत्या. पण मला एकदम राग आला. बाईला स्वतःसाठी काही करायचं तर आधी आजारी पडावं लागतं का?

"मोतीबिंदू नाही," मी म्हणाले. "मले काहीच झालं नाही. हे खड्डे मले आवडत नाहीत. ते बुजवायले गेली होती."

काकूचं रडणं थांबलं. "म्हणजे तोंड सजवाले?"

"हो."

"या वयात? अवं, लोक काय म्हणतील?"

"लोक पंधरा वर्षं झाली, बरं नाही का म्हणून राहिले. आता दुसरं काहीतरी म्हणतील."

शेजारीण पदरात तोंड घालून हसली. आई मात्र हसली नाही. "मले नाही पटलं," ती म्हणाली. "चांगल्या अंगाले चाकू लावाचा?" मग मोसंबीची पिशवी उचलून आत गेली आणि सोलायला बसली.

त्या संध्याकाळी मला कळलं की फिलरच्या बाजूनं माझ्याकडे आता एकही कारण उरलं नाही. लपवायचं ज्यांच्यापासून होतं, त्या सगळ्या माझ्याच सोफ्यावर बसून चहा पिऊन गेल्या होत्या. मी दवाखान्यात फोन करून सर्जरीची तारीख घेतली.

सर्जरीच्या दिवशी आई डबा घेऊन आली. तिला अजूनही पटलं नव्हतं, पण मुलगी धंतोलीत आणि डबा नाही, असं तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. पुढच्या रविवारी काकू पुन्हा मोसंबी घेऊन आली. माझा काळानिळा, सुजलेला चेहरा पाहून म्हणाली, "आता तं तू खरंच बिमार दिसून राहिली वं." मी पोट धरून हसले. टाके ओढले गेले आणि आई ओरडली.

कॉलेजला जाताना नवऱ्यानं काळा चष्मा पुढे केला. मी तो टेबलावरच ठेवला. डोळ्यांखाली अजून पिवळट डाग होते. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी दचकून म्हणाले, "अरे बापरे, काय झालं मॅडम? पडलात का?"

"नाही सर. डोळ्यांखालची सर्जरी केली."

"काही त्रास होता का?"

इतकी वर्षं त्या खोलीत मी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत आले. त्या दिवशी घरचं तोंडात आलं.

"काहीच नव्हता. मले पाहिजे होती, म्हणून केली."

आणि खडू उचलून वर्गावर गेले.