गाव बाहेर पडलं, त्या दिवसांचं तापमान

सुहासचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "मासे मिळणार ना?" सुहास माझा एम.एस्सी.चा वर्गमित्र, आता मालवणकडे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. कोकण किनाऱ्याच्या जुन्या तापमान-नोंदींवर हॅकेथॉन भरवायचं त्याच्या डोक्यात होतं. म्हणजे ठिकठिकाणचे आकडेवाले चार दिवस एकत्र बसवायचे आणि किनारा किती तापतोय ते मोजायची पद्धत सगळ्यांनी मिळून उभी करायची. हॅकेथॉन हा शब्द तेव्हा इतका नवा होता की ऑफिसात रजा मागताना मी 'कार्यशाळा' म्हणून वेळ मारून नेली.

पुण्याहून रात्रीची एस.टी. घ्या. घाटात झोप मोडतेच, तेव्हा खिडकी पकडा. कसालला गाडी हायवे सोडते आणि मग माड, कौलं, लाल माती. डिसेंबर उत्तम, अंगाला घाम नाही. लॅपटॉप नेणार असाल तर वीज तिच्या मर्जीने जाते हे लक्षात असू द्या. खाणावळीत बांगड्याची थाळी साठ रुपयांत मिळाली आणि वर सोलकढी हवी तेवढी. मी लाज सोडून तीन वाट्या प्यायले.

पहिल्या सकाळी आम्ही हौसेने एक कडक नियम फळ्यावर लिहिला. ज्या तापमान-ठाण्याच्या नोंदीत खंड, ते ठाणं बाद. खंड भरवशाने भरता आला तरच राहील. भरायचं काम माझ्याकडे, कारण शेजारच्या ठाण्यांवरून हरवलेल्या दिवसाचं तापमान काढायची पद्धत माझी. तिचा मला भारी अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

सगळ्यात नेटकं ठाणं निघालं सुहासच्या गावचं. त्याचे वडील आबा, निवृत्त शाळामास्तर. अंगणातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतली तापमापी ते ऐन तारुण्यापासून रोज वाचतात. फक्त दर काही वर्षांनी मार्गशीर्षात सलग तीन दिवस कोरे. जेवायच्या आधीच मी ते सगळे भरून टाकले आणि सुहासला सहज विचारलं, आबा तेव्हा आजारी पडायचे का? त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "आजपासून तेच दिवस लागतायत. चल, डोळ्यांनीच बघ."

तासाभरात आम्ही त्याच्या गावाच्या वेशीवर होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बघ्यांची जत्रा नको. देवाचा कौल झाला की हे गाव तीन दिवस, तीन रात्री रिकामं होतं. त्याला गावपळण म्हणतात. मी ऐकून होते, पण ऐकणं वेगळं. रस्त्याने अख्खं गाव चालत येत होतं. हिंदू, ख्रिस्ती, म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, गुरं, कुत्री, टोपलीतल्या कोंबड्या. वेशीपलीकडे झावळांच्या झोपड्या उभ्या होत्या, चुली पेटल्या होत्या, कुणी फुगडी घालत होतं. दुःखाचा लवलेश नव्हता. उलट लग्नघरासारखी लगबग.

मी वळून गावाकडे पाहिलं. दारं ओढलेली, विहिरीवर कुणी नाही, आरवायला कोंबडा नाही. एवढ्या घरांचं गाव श्वास रोखून बसावं तसं. देवाला मोकळीक द्यावी म्हणून कोंबडीसुद्धा मागे ठेवत नाहीत, आणि मी सकाळी पंख्याखाली बसून त्या दिवसांत खुशाल आकडे ठेवून आले होते. मला मनापासून वाटलं, ते काढलेच पाहिजेत.

आबा झोपडीत घावणे खात होते. सुहासने नियम त्यांच्या कानावर घातला. मी माझा विचार सांगितला, तसा त्यांचा हात थांबला.

"काढू नको गो बाय," ते म्हणाले. "थंय कोण नव्हता ह्या खरा. पण कोऱ्या दिसांपायी माजा सगळा आयुष्यच बाद करतलात?"

आकडे ठेवावेत तर जिथे कुणीच नव्हतं तिथली नोंद मी बनवायची. काढावेत तर या माणसाच्या हजारो सकाळी वाया. त्यांनी मला घावणा वाढला, मी खाल्ला, पण चव काही कळली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळं कॉलेजच्या हॉलमध्ये मांडलं. वाद झाला, चांगलाच झाला. कुणी म्हणे तीन दिवसांनी काय बिघडतं, भरा. कुणी म्हणे नियम तो नियम. वेंगुर्ल्याची ग्रेसी, शाळेत विज्ञान शिकवणारी, वहीत तारखा उतरवत होती. ती म्हणाली, "एक गाव भायर पडता, तर सगळ्यांकच भायर काढूया."

म्हणजे काय, तर ज्या तारखांना आबांचं ठाणं कोरं, त्याच तारखा प्रत्येक ठाण्याच्या नोंदीतून वगळायच्या. सगळे सारखेच रिकामे झाले की तुलना सरळ होते आणि भरायला काही उरतच नाही. तापमानाच्या चढाची रेघ हलली, तर नियम बरोबर आणि आबा बाद. नाही हलली, तर नियमच बाद. आम्ही प्रोग्रॅम लावला. वीज गेली, आली, पुन्हा लावला. सुहास आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला, त्याला पडद्याकडे बघवेना.

रेघ हलली नाही. आधी चढत होती तेवढीच चढत होती. ग्रेसीने फळ्यावरचा नियम स्वतःच्या हाताने पुसला. माझी भरायची पद्धत या कामापुरती घरी बसली, आणि गंमत म्हणजे मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पुण्यात परतल्यावर सोबत आणलेले काजू संपले, मालवणी खाजा ऑफिसने फस्त केला. राहिलं ते वेशीवरून दिसलेलं निःशब्द गाव. मला वाटायचं मोजता येतं तेवढंच आपलं काम. आता कोऱ्या जागेपुढे हात आपोआप थबकतो. तिथून कुणीतरी जाणूनबुजून बाहेर पडलं असेल का, असं वाटतं.

गाव परतल्याचं कळल्यावर आबांना फोन केला. तुमचं ठाणं राहिलं म्हटलं, कोऱ्या दिवसांसकट, आणि कसं राहिलं तेही सांगितलं. मग आबा हळूच म्हणाले, "म्हणजे माज्या ठाण्यासाठी सगळो किनारो आमच्या वांगडा भायर पडलो?"

"पडला, आबा. तुमच्याबरोबर."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि तापमापी वाचायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.