अर्ध्या भावाचं गिऱ्हाईक

अमरावतीच्या बाजारात माह्या भाजीच्या दुकानावर एक मानूस रोज येते. मेथीची जुडीही अर्ध्या भावात मांगते. मोठ्या शहरातल्या हॉटेलाच्या खोल्याही तो मोबाइलवर बोली लावून तशाच घेते. अर्धा भाव टाकते, मोबाइल पालथा ठेवते अन् म्हनते, "करू दे त्याईले इचार."

औंदा माह्या बुढ्या नवऱ्याचा पाय सडून राहिला होता. ऑपरेशनले मुंबईले न्याचं होतं. चालनं होत नव्हतं, म्हनून दवाखान्याजवळच खोली पाह्यजे होती. म्या त्याच गिऱ्हाइकाले पाहाले सांगतलं; त्याच्या मोबाइलवर तशी एकच दिसली. त्यानं अर्धा भाव लिहिला. मंग दुकानात बसलेल्या बुढ्याकडे पाह्यलं, तो अर्धा भाव मिटवला अन् पुरा टाकला.

"काहून जी भाऊ, आज बोली नाई?"

"काकू, हॉटेलवाला नाई म्हनला तर काका निजतीन कुठी?"