बावीस मिनिटांचा जुना कर्नल

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. घरात कुणी अंगारा लावायला आलं तरी मी भांडते. सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा... मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं. एकदाच सापडलं नाही.

दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. पैठण रोडला चितेगावपर्यंत प्लॉटिंग झालं होतं, घरं उभी राहिली होती, नळ काही पोचले नव्हते. तिकडं टँकर पाठवणाऱ्या एका खासगी एजन्सीचं ऑफिस क्रांती चौकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर होतं. कुणाची पाळी कधी, हे सगळं तिथल्या सर्व्हरच्या एका जुन्या डिस्कवर. तो सर्व्हर आधी कुलकर्णी सर बघायचे, नंतर मी. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

सरांचा एक हट्ट होता. कर्नल — म्हणजे सगळं मशीन ज्याच्या जोरावर चालतं तो गाभा — नवा टाकला तरी जुना पुसायचा नाही. मशीन सुरू होताना पडद्यावर कर्नलची यादी येते, तीत दोन्ही दिसले पाहिजेत. मी चिडवायचे, “सर, लोणचं घालताय का?” ते म्हणायचे, “असू दे गं. नव्याशी जमलं नाही तर परत यायला वाट हवी.”

सर हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी नवा टाकला आणि जागा कमी पडली म्हणून जुना पुसला. रीस्टार्ट करून बघण्याचं शहाणपण काही सुचलं नाही. चालू मशीन मेमरीतल्या जुन्यावरच महिनोन्महिने चालत राहिलं आणि माझी चूक झाकली गेली. त्याच दुखण्यात सर गेले.

मग एका उन्हाळी सकाळी लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली आणि मशीन नव्या कर्नलवर उठलं. जुनी डिस्क ज्या कार्डाला जोडलेली होती, ते कार्ड नव्याला ओळखताच येईना. डिस्क माउंट होईना, म्हणजे उघडेचना. काहीही करा, उत्तर एकच — असं उपकरणच नाही. बॅकअप महिन्यापूर्वीचा, आणि पाळ्या तर रोज बदलायच्या. पुसलेला कर्नल इतका जुना की नेटवरही मिळेना.

माझ्या टेबलाशी प्रमिलाताई साळवे येऊन बसल्या होत्या, चितेगावच्या अलीकडच्या वसाहतीतल्या.

“मॅडम, नऊ दिवस झालं पाणी नाय. लेक बाळंतीण हाय घरात. आज आमची पाळी हाय, तुमच्यात लिवलंय ते.”

मॅनेजर म्हणाला, “चारपर्यंत यादी नाय निघाली तर ज्याचा वशिला, त्याच्याकडं गाडी जाणार. माझ्या हातात काय नाय.”

मला ताईंकडे बघवेना. चूक माझी होती आणि ते एकट्या मलाच माहीत होतं.

सकाळपासून दोनदा रीस्टार्ट केलं होतं, दोन्ही वेळा कर्नलच्या यादीत एकच ओळ. तीनच्या सुमारास तिसऱ्यांदा केलं... आणि दोन ओळी आल्या. खाली जुन्याचा नंबर. मी तीच निवडली. डिस्क पहिल्या झटक्यात माउंट झाली. आधी सगळा डेटा दुसरीकडे उतरवला, मग यादी छापली. ताईंची वसाहत तिसऱ्या नंबरावर होती. ताई टँकरच्या ड्रायव्हरबरोबरच निघाल्या.

मग मी कर्नलचं फोल्डर उघडलं. तिथं फक्त नवा होता. मशीनला विचारलं, कशावर चालतंयस? त्यानं जुन्याचा नंबर दिला. मी बघत असतानाच ते आपोआप बंद होऊन सुरू झालं आणि पुन्हा एकच ओळ आली. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या रोजनिशीत, मात्र जुन्याची नोंद आहे, बावीस मिनिटांची.

मित्र म्हणाले, डिस्कच्या दुसऱ्या कुठल्या पार्टिशनमध्ये, कप्प्यात, उरला असेल. सगळी पार्टिशनं उलटीपालटी केली, कुठंच नव्हता. मला भास झाला म्हणावं, तर त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला होता.

“दोन वळी व्हत्या की, मॅडम. तुमी खालच्या वळीवर बोट ठिवलं अन् रडाय लागल्या. बाळाला न्हाऊ घातलं बघा आज.”

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. हॉस्पिटलमधून सरांनी मला एकदा फोन केला होता. आवाज पार खोल गेला होता. विचारलं काय, तर, “जुना आहे ना गं अजून?” मी तो आदल्याच दिवशी पुसला होता. म्हटलं, “आहे, सर.” ते म्हणाले, “मग काळजी नाही.”

आमचं तेवढंच शेवटचं बोलणं. मी खोटं बोलले होते. त्या दुपारी बावीस मिनिटं ते खरं झालं... कसं, ते मला अजूनही माहीत नाही.