पल्याडचा टॉवर

मोदुमघाटात कुंताबाईंबद्दल सगळ्यांचं मत एकच आहे. वेगळं मत असणाऱ्याच्या घरी त्या स्वतः जाऊन बसतात, आणि चहा घेऊन झाला तरी उठत नाहीत.

गाव अहेरीच्या पुढं, प्राणहितेच्या उंच दरडीवर. पंचवीस-तीस घरं, बहुतेक मासेमारी करणाऱ्या ढिवरांची. मागं सागवानाची टेकडी, पुढं नदी, नदीच्या पल्याड तेलंगणा. गावाखाली नदी वळते तिथं खोल डोह आहे. उन्हाळ्यात बाकीचं पात्र वाळू होतं तेव्हाही डोहात पाणी असतं आणि पाण्यात मासळी. मोदुमघाट आजवर जगलं ते या डोहावर.

कुंताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा बाईनं डोंग्यात पाय ठेवू नये, मासळी निघून जाते, असा इथला नियम होता. एका वर्षी ऐन मोसमात नवरा, मनसाराम, मलेरियानं अंथरुणाला खिळला. कुंताबाईंनी डोंगा सोडला, वल्हं घेतलं आणि डोहात गेल्या. मासळीला हा नियम कुणी कळवलेला नव्हता, त्यामुळं ती आली. तेव्हापासून घरात जाळं टाकायचं काम त्यांच्याकडं आणि विणायचं मनसारामकडं. लोक हसले. हसून झाल्यावर दोन घरं सोडून तिसऱ्या घरानंही तसंच केलं.

अशा बाईला सरकारी कागदानं कळवलं की ती मोदुमघाटात राहतच नाही.

झालं असं, की एका ठेकेदारानं डोह आपल्याला मिळावा म्हणून अर्ज केला. अर्जात लिहिलं, ‘सदर घाटावर एकही मच्छीमार कुटुंब वास्तव्यास नाही.’ मच्छीमार संस्थेच्या वतीनं कुंताबाईंनी हरकत घेतली. सुनावणी मोबाइलवरून, व्हिडिओवर होईल असं कळलं. लोकांची ये-जा वाचावी म्हणून कार्यालयानं ही सोय केली होती. ज्या गावात सोय पोचत नाही तिथल्या लोकांची येण्याबरोबर बोलण्याचीही कटकट वाचत होती.

पहिल्या सुनावणीत कुंताबाईंचं चित्र तोंड उघडलेल्या अवस्थेत अडकलं ते अडकलंच. कागदावर आलं, ‘हरकतदार अनुपस्थित. शेवटची संधी देण्यात येते.’

“तोंड उघडं दिसत होतं ना त्यायले?” कुंताबाईंनी विचारलं. “मंग अनुपस्थित कशी मी?”

संस्थेचे सचिव गुणवंतराव हे शहाणे गृहस्थ. ते म्हणाले, “कुंताबाई, हट्ट सोडा. अहेरीले माह्या ओळखीचं कॉम्प्युटरचं दुकान हाय. पंख्याखाली बसून बोला.”

“तो ठेकेदार काय म्हन्ते, गुणवंतभाऊ?”

“म्हन्ते, घाटावर कोणी राहत नाई.”

“मंग हे अहेरीच्या पंख्याखाली बसून सांगू का, का मी घाटावर राह्यतो म्हणून? बोलीन तं घरूनच बोलीन.”

गुणवंतराव शहाणे असल्यानं सुनावणीचे कागद गोळा करायला लागले.

घरात इंटरनेटचा डबा होता. सून नीलिमा चिमूरची. तिच्या भावानं, निकेशनं, लग्नात पाणी भरायच्या स्टीलच्या गुंडासोबत हा डबा दिला होता. खिशात मावेल एवढा, आत सिमकार्ड, चार्जिंगवर चालणारा, भोवतीच्या मोबाइलांना नेट वाटणारा. मोदुमघाटात त्यानं एवढंच केलं, की त्याच्यावरचे दिवे लागत. रेंजच्या पाचही काड्या भरलेल्या आणि नेट नाही.

नीलिमानं डबा आधी खिडकीत ठेवला, मग चुलीवरच्या फळीवर, मग देवाजवळ. देवाजवळ थोडा वेळ चालला, पण तो योगायोग निघाला. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर पलीकडून तेलुगूतून स्वागत झालं. मराठीसाठी कोणतं बटण दाबायचं तेही तेलुगूतच सांगत होते. शेवटी हिंदीत एकजण मिळाला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. मग म्हणाला, आपके यहाँ कवरेज नहीं है.

“पाच काड्या भरल्या हाय, दादा,” नीलिमा म्हणाली.

“मैडम, सिस्टम में आपका गाँव नहीं दिख रहा.”

कुंताबाई कान देऊन ऐकत होत्या. “यायच्याही कागदात आपण नाई,” त्या म्हणाल्या. “ठेकेदाराचा पाहुणा दिसते.”

मग नीलिमानं मोबाइलवर डब्याचं आतलं पान उघडलं. डब्याच्या पोटावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर एक आकड्यांचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता टाकला की डबा आपलं मन उघडं करतो. हे पान तिनं आयुष्यात एकदाच उघडलं होतं, लग्न होऊन आली त्या दिवशी. ते सासऱ्यांच्या हुकमानं. ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी पल्याडच्या काठावर टॉवर उभा राहिला. आपला टॉवर टेकडीमागं, त्याचा आवाज इकडं खोकल्यासारखा यायचा. पल्याडचा समोरासमोर. त्यामुळं मोदुमघाटातले मोबाइल बसल्या जागी तेलंगणात जाऊ लागले. त्या काळी दुसऱ्या राज्याचा टॉवर पकडला की रोमिंग लागे आणि बॅलन्स कापला जाई. मनसारामचा भरलेला बॅलन्स एका दुपारी, तो झोपेत असताना, परराज्यात खर्च झाला. त्यानं रोमिंग बंद करायचं शिकून घेतलं आणि घरोघर जाऊन सगळ्यांचं बंद केलं. काही गावांत सापाचं विष उतरवणाऱ्याला मान असतो, इथं मनसारामला होता. गावात नवा मोबाइल आला की त्याला हळदकुंकू लागे, नारळ फुटे आणि मनसाराम रोमिंग बंद करून देई. पुढं देशातल्या देशात रोमिंगचे पैसे लागेनासे झाले. पण रीत पडली होती. माहेरच्या डब्यालाही कुंकू लागलं आणि उंबरठा ओलांडल्यावर सुनेनं पहिलं काम केलं ते डब्याचं रोमिंग बंद असल्याची खात्री करण्याचं.

आता तेच पान उघडून नीलिमा बघत बसली. मग हसली.

“आई, हा डबा पल्याडच्याच टॉवरवर जाऊन बसते. त्याच्याच काड्या हाय ह्या. पण आपण त्याले सांगून ठेवलं, का तिथचं पाणी प्यायचं नाई. मंग तो दारात जाऊन नुसता उभा राह्यते.”

“भांडणातल्या सोयऱ्यावानी,” कुंताबाई म्हणाल्या.

“हो. अन् कंटाळला का टेकडीमागच्या टॉवरकडं येते. तिथी रेंज नाई, मंग परत तिकडं. दिवसभर हेच करून राह्यला.”

“मंग पिऊ दे पाणी.”

मनसाराम दारात जाळ्याची गाठ मारत बसला होता. तो उठला नाही, पण गाठ मारायचा थांबला.

“रोमिंग चालू होणार नाई या घरात,” तो म्हणाला.

“आता पैसे लागत नाई, बाबा.”

“पैशाचं कोण बोलून राह्यलं? तेलंगणाच्या टॉवरवरून बोलान, तं ठेकेदाराचा वकील म्हनन, बाई तिकडचीच हाय. आधी म्हन्ते कोणी राहत नाई, मंग म्हनन परराज्याची. त्याच्या हातात काऊन देता?”

यात दम होता. नीलिमानं मोबाइल खाली ठेवला. कुंताबाईंनी मात्र नवऱ्याकडं पाहिलं, एकदा टेकडीकडं पाहिलं आणि मग नदीकडं.

“अवो, आपला टॉवर आपल्याले ओळखत नाई. तिकडचा ओळखते. वकील काय म्हनन ते म्हनू द्या. पण मी बोलली तं पाहिजे ना त्याच्यासमोर. अडकून राह्यली तं तो कायले म्हनन? माह्या उघड्या तोंडाले?” आणि सुनेला म्हणाल्या, “कर चालू.”

मनसारामनं जाळं उचललं आणि तो अंगणात जाऊन पाठ करून बसला. आपल्या आयुष्याचं काम असं एका बोटानं पुसलं जाताना कुणीही पाठच करेल.

नीलिमानं रोमिंगपुढचं बटण सरकवलं. मग ‘नेटवर्क आपोआप निवडा’ असं होतं ते काढून टाकलं आणि पल्याडचं नाव हातानं निवडलं, म्हणजे डब्यानं इकडून तिकडं करायचं बंद करावं. ‘टू-जी, थ्री-जी, फोर-जी’ या तिन्हींतून ‘फक्त फोर-जी’ एवढंच ठेवलं, म्हणजे तो रडतखडत खालच्या पायरीवर उतरणार नाही. पान जतन केलं. डबा विझला, परत पेटला. चिमूरला निकेशला व्हिडिओ लावला. निकेश जेवत होता. त्याचं तोंड हलत होतं आणि घास चावल्याचा आवाजही त्याच वेळी येत होता. कुंताबाईंनी पुष्कळ वेळ त्याला जेवताना पाहिलं.

“बेचाळीसात इंग्रजाशी भांडलेल्या चिमूरची पोर हायस,” त्या सुनेला म्हणाल्या. “सरकारशी भांडाची सामग्री माहेराहूनच आणली.”

सुनावणीच्या दिवशी सकाळी कुंताबाईंनी नवं लुगडं नेसलं नाही. जाळ्यावर जाताना नेसतात तेच नेसलं. गुणवंतराव कागद घेऊन शेजारी बसले. मनसाराम अंगणात, पाठ करून, पण कान घराकडं. मोबाइलवर चार चौकोन उघडले. एकात साहेब, एकात कारकून, एकात ठेकेदाराचा वकील, एकात कुंताबाई. कुणीही अडकलं नाही.

कारकुनानं विचारलं, “हरकतदार कुठून बोलताय?”

“घरून. मोदुमघाट.”

वकील काळ्या कोटातून पुढं झुकला. “साहेब, हरकतदारांच्या नावाखाली पाहावं. ठिकाण हैदराबाद दाखवतंय. जी बाई हैदराबादेत बसली आहे, ती घाटावर राहते असं सांगते. आमचं म्हणणं इथंच सिद्ध होतं.”

पल्याडच्या टॉवरचं नेट हैदराबादेहून येत असावं, आणि मोबाइल ज्याचं पाणी पितो त्याचा पत्ता सांगतो. गुणवंतरावांनी कागद चाळले, त्यात हैदराबादेचं उत्तर नव्हतं. अंगणातून मनसारामचा आवाज आला. “सांगितलं होतं मी.”

साहेब म्हणाले, “बाई, यावर तुमचं काय म्हणणं आहे?”

कुंताबाई उठल्या. डबा उचलला, पदरात बांधला, गाठ मारली. मोबाइल सुनेच्या हातात दिला. “मागं मागं ये. माह्याकडं धरून ठेव.” आणि निघाल्या.

“कुठं चाललात? सुनावणी सुरू आहे,” कारकून म्हणाला.

“ज्याची सुनावणी हाय, तिथी.”

दरड उतरताना चित्र हललं. दगडाला बांधलेला डोंगा सोडून कुंताबाई त्यात बसल्या, नीलिमा समोर, जाळ्याच्या ढिगाशेजारी बसली. वल्हं पाण्यात गेलं. गुणवंतरावांना भीती होती की घर सुटलं की नेट सुटेल. पण डबा पदरात होता आणि टॉवर पल्याड होता. डोंगा जसा डोहाकडं सरकला तसं चित्र आणखी लख्ख झालं. काठावर आवाजाला थोडी घरघर होती, तीही गेली. मधल्या पाण्यात वल्ह्यावरून ओघळणारे थेंब साहेबांना मोजता आले असते.

डोहाच्या मध्यावर कुंताबाईंनी वल्हं आडवं टाकलं.

“आता पाहा साहेब. नीलिमा, तिकडं कर. तो तिकडं टॉवर. तेलंगणाचा. नेट तिथचं. आता इकडं कर. ते कौलारू घर माह्यं. त्याच्या बाजूले सोमारीचं, त्याच्या पुढं पोचूचं. दोरीवर जाळे वाळून राह्यले, दिसते का? हैदराबादेत वाळवतात का असे, वकीलसाहेबांले विचारा.”

वकील म्हणाला, “हे दुसऱ्या कुठल्याही गावाचं असू शकतं.”

दरडीवर आता माणसं जमली होती. सगळ्यांत पुढं मनसाराम. त्यानं पाठ फिरवायचं सोडून दिलं होतं. डोंग्यातून कुंताबाईंनी हाक दिली, “अवो, वकीलसाहेब म्हन्ते हे गाव दुसरं हाय.”

मनसाराम वळला, दरडीवरच्या शाळेच्या भिंतीपाशी गेला आणि भिंतीवरच्या पाटीवर हात ठेवून उभा राहिला. पाटीवर ग्रामपंचायतीचं, तालुक्याचं आणि जिल्ह्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. नीलिमानं चित्र मोठं केलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं. हैदराबाद त्यात कुठं नव्हतं.



“नोंद घ्या,” साहेब कारकुनाला म्हणाले. “हरकतदार उपस्थित.”

“कुठी उपस्थित ते लिवा,” कुंताबाई म्हणाल्या.

“बाई, तसा रकाना नसतो.”

“मंग मी थांबतो इथीच. डोंगा माह्या घरचा हाय. रकाना होऊ द्या.”

साहेबांनी वकिलाकडं पाहिलं. वकील आपले कागद सारखे करत होता. साहेबांनी कारकुनाला हळूहळू सांगितलं, आणि कुंताबाईंच्या सांगण्यावरून कारकुनानं ते परत मोठ्यानं वाचलं. ‘हरकतदार मौजा मोदुमघाट येथील डोहातून उपस्थित. घाटावर मच्छीमार कुटुंबांचे वास्तव्य प्रत्यक्ष दिसून आले. सबब अर्जातील वास्तव्य नसल्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.’

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“झालं. आता आलीच हाय तं जाळं टाकून घेतो,” कुंताबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. जाळं हवेत गोल उघडलं आणि पाण्यावर पडलं. सुनावणी संपली होती, पण चौकोन कुणी बंद केला नाही. वकिलानंही नाही.

संध्याकाळी मनसाराम घराबाहेर पडला. सोमारीच्या दारात जाऊन म्हणाला, “मोबाइल आण. रोमिंग चालू करून देतो.” तिनं विचारलं, बंद करायला तुम्हीच सांगितलं होतं ना? त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू पल्याडचा टॉवर त्यानंच उभा केला होता.