‘आणि इतर’ पेडणेकर

कुवेतमध्ये चार मराठी माणसं एका घरात जमली, की पहिल्या चहाला उकाडा निघतो, दुसऱ्या चहाला मुलांच्या ॲडमिशन्स, आणि तिसऱ्या चहाला कोणीतरी म्हणतंच, "अरे, पेडणेकरांचा तो किस्सा ऐकलास का?" सगळ्यांनी ऐकलेला असतो. तरी सगळे खुर्च्या पुढे ओढतात, आणि घरी जाताना प्रत्येक जण त्यात स्वतःचं थोडं मीठ घालून जातो. किस्से असेच फुगतात!

माझ्याकडचे मात्र बिनभेसळीचे. मी आमच्या नाटकाच्या ग्रुपची प्रॉम्प्टर. बँकेत आयटीला आहे ती पोटासाठी, खरी नोकरी विंगेतली. तिथून सगळं दिसतं, आणि आपण कोणाला दिसत नाही.

तर पेडणेकर. मूळचे गुहागरचे, इथे एका हॉस्पिटलात ईसीजी टेक्निशियन, राहायला खैतानला. बावीस वर्षं आमच्या प्रत्येक नाटकात होते आणि एकाही हँडबिलावर नव्हते. हँडबिलावर आधी आमचे हिरो देशपांडे, मग हिरॉइन, मग दोन-चार नावं, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘आणि इतर’. ते इतर म्हणजे पेडणेकर. कधी नोकर, कधी पोस्टमन, कधी हवालदार.

बरं, नाटक संपल्यावर सगळे रांगेत उभे राहतात, एकेकाचं पूर्ण नाव घेतात, टाळ्या पडतात. तिथेही हे नाहीत! आमचे प्रयोग शुक्रवारी दुपारी, कारण सुट्टी. आणि शुक्रवारची संध्याकाळची ड्युटी हॉस्पिटलात कोणालाच नको असते, म्हणून ती पेडणेकरांची. शेवटची एक्झिट झाली की तोंड धुवायचं, गाडीची किल्ली उचलायची, निघायचं. बावीस वर्षांत एकदाही त्यांनी पडदा पडताना पाहिला नाही.

* * *

एका नाटकात ते पोस्टमन होते. यायचं, "तार!" म्हणायचं, जायचं. बस.

बनेद अल-गारला नीलाताईंच्या घरी तालीम चाललेली. नीलाताई आमच्या दिग्दर्शिका, दिवसा फिजिओथेरपिस्ट, दोन्हीकडे लोकांना वाकवतात. पेडणेकरांनी हात वर केला.

"ताई, हा पोस्टमन सकाळी जेवून निघालाय की उपाशी?"

"काय फरक पडतो?"

"चालण्यात पडतो. आणि त्याच्या आईला दमा आहे असं मी धरलंय. चालेल?"

नीलाताईंनी कपाळाला हात लावला. "पेडणेकर, अहो, एक वाक्य आहे तुमचं!"

"वाक्य एकच आहे हो, माणूस अख्खा आहे!"

प्रयोगात ते आले, दारात दम घेतला, "तार!" म्हणाले आणि गेले. पुढची दहा मिनिटं देशपांडे जीव तोडून रडत होते आणि पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला विचारत होती, "त्या पोस्टमनला कोणी पाणी तरी विचारायचं की नाही?"

* * *

मग डॉक्टरांचा किस्सा. त्या नाटकात पेडणेकर डॉक्टर, आणि पेशंट होते डॉक्टर कुलकर्णी. हे कुलकर्णी खरेखुरे हार्टचे डॉक्टर, बरं का! पण नाटकात दुसऱ्या अंकात मरायचे. पेडणेकरांनी नाडी धरली, चष्मा काढला, नुसती मान हलवली. हॉलमध्ये रुमाल निघाले.

पुढच्या आठवड्यात कोणाकडे तरी पूजेचं जेवण होतं. लेंगरेकाकू ताट सोडून पेडणेकरांकडे आल्या. "डॉक्टर, जिना चढले की धडधडतं हो."

पेडणेकर भला माणूस. "अहो काकू, मी टेक्निशियन. ते बघा, ताटं वाढतायत ना, त्या कुलकर्णींना दाखवा."

काकूंनी तिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "त्यांना? ते तर दुसऱ्या अंकात गेले!"

तेव्हापासून सगळं कुवेत पेडणेकरांना ‘डॉक्टर’च म्हणायला लागलं. माझ्या फोनमध्येही ते ‘डॉक्टर नाटक’ म्हणूनच आहेत. आणि कुलकर्णींना अजून लोक ताटं वाढायला सांगतात.

* * *

एकदा ते हवालदार होते. ड्युटीला उशीर होत होता आणि मिशी काही केल्या निघेना. नीलाताईंनी कुठला गोंद आणला होता देव जाणे! शेवटी मिशीसकट गेले.

त्या दिवशी एक कुवेती आजोबा ईसीजीला आले होते. नेहमीचे पेशंट, महा खडूस. मशीन पाहिलं की त्यांची छाती दुप्पट उडायची. पण मिशी पाहून आजोबा गप्प पडून राहिले आणि रिपोर्ट एकदम सरळ आला. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, तर बिनमिशीचे पेडणेकर. आजोबा उठून बसले. "हा नको! त्या मिशीवाल्याला बोलवा!"

मुदीर, म्हणजे यांचा साहेब, म्हणाला, "मिशीवाला इथे कोणी नाही."

पेडणेकर म्हणाले, "आहे साहेब. पाच मिनिटं द्या." पुढचं वर्षभर हॉस्पिटलातल्या त्यांच्या लॉकरमध्ये ती मिशी होती.

* * *

हे सगळं ते कुठे शिकले? तर जुन्या अमेरिकन सिनेमांत! ब्लॅक अँड व्हाइट. एक टकलू नट होता म्हणे, कधी वेटर, कधी जज्ज, कधी हिरॉइनचा बाप. आयुष्यभर तेच केलं बिचाऱ्याने. पेडणेकरांच्या फ्रिजवर त्याचा फोटो होता. पाहुण्यांना वाटायचं, सासरे असावेत.

एकदा त्यांनी मला त्याची चार मिनिटं दाखवली. टकलू वेटर येतो, सूप ठेवतो, हिरोकडे बघतो, जातो. पेडणेकरांचे डोळे भरून आले होते. "बघितलंस मंजू? हिरोची बायको पळून गेलीय हे हिरोच्या आधी याला कळलंय!"

"नाव काय हो याचं?"

"सुरुवातीला पाट्यांत येतं, पण सर्रकन जातं. मी पॉज करून वाचलं." त्यांनी नाव सांगितलं. लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर मी ते विसरले.

* * *

पाठांतराचं म्हणाल तर बावीस वर्षांत पेडणेकरांना मी एक शब्दही प्रॉम्प्ट केला नाही. माझा सगळा घसा देशपांड्यांवर गेला. देशपांडे अहमदीला तेल कंपनीत. आवाज खणखणीत, पण पाठांतराच्या नावाने शंख!

एका प्रयोगात ते भर तिसऱ्या अंकात अडकले. मी प्रॉम्प्ट दिला, ऐकू गेला नाही. पुन्हा दिला, तर पहिल्या दोन रांगांनी ऐकला, यांनी नाही! पेडणेकर नोकर होते, कोपऱ्यात फडकं मारत होते. ते फडकं मारतच म्हणाले, "साहेब, तुम्ही मघाशी म्हणत होतात, बाईसाहेबांना आज स्पष्ट विचारणार म्हणून. घर सोडून का चाललात, असं. मी जाऊ का बाहेर?"

"हो! जा!" देशपांडे गरजले, आणि गाडी रुळावर आली.

त्या वर्षी उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस देशपांड्यांना. पाहुणे म्हणाले, "यांच्या त्या पॉजमध्ये केवढं दुःख होतं!" पेडणेकर हे ऐकायलाही नव्हते. ड्युटी!

* * *

मग ते रिटायर व्हायची वेळ आली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत होता, गुहागरला कायमचं परत. नीलाताईंनी जाहीर केलं, या वेळी हिरो पेडणेकर!

तीन तालमी झाल्या. इतका वाईट हिरो मी जन्मात पाहिला नाही! कोणी बोलायला लागलं की हे आपोआप बाजूला सरकायचे. स्वतःचं मोठं भाषण असलं तरी उजेडातून हटून दुसऱ्याला जागा द्यायचे. चौथ्या तालमीला ते स्वतःच म्हणाले, "ताई, देशपांड्यांना घ्या. मला तो हारिस द्या." हारिस म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. चार वाक्यं.

"पण तुमचा शेवटचा प्रयोग ना हो!"

"म्हणूनच. फक्त एक करा. गुरुवारी माझी नोकरी संपते, शुक्रवारी ड्युटी नाही. मला एकदा शेवटी त्या रांगेत उभं राहायचंय. नाव घेतात ना, ते ऐकायचंय."

बावीस वर्षांत या माणसाने मागितलेली ही पहिली गोष्ट. मला फार लाज वाटली.

शुक्रवारी हॉल भरला होता. पेडणेकरांची एक्झिट पडद्याआधी दहा मिनिटं. झकास झाली. मी दुसऱ्या विंगेत, माझा जीव देशपांड्यांच्या वाक्यांत. पडदा पडला, पुन्हा वर गेला, सगळे रांगेत आले. देशपांड्यांनी स्वतः माइक घेतला. "आणि आता, ज्यांच्यासाठी आपण आज जमलोय, ते आपले लाडके डॉक्टर!"

अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या, टाळ्या, टाळ्या. कोणी येईना. नीलाताई मेकअप रूममध्ये धावल्या. टॉवेल ओला, वॉचमनचे कपडे घडी घालून ठेवलेले, माणूस गायब! टाळ्या काही थांबेनात. शेवटी काहीतरी करायला हवं म्हणून देशपांड्यांनीच वाकून नमस्कार केला.

फोन लावला तर तो वॉचमनच्या खिशात वाजला.

दीड तासाने मी नाटकाच्या सामानाच्या पेट्या मोजत होते, सफाईवाले खुर्च्या एकात एक घालत होते, आणि मागच्या दाराने पेडणेकर आत आले. घामाघूम.

"अहो, होतात कुठे?"

"हॉस्पिटल." ते खुर्चीवर बसले. "एक्झिट झाली, तोंड धुतलं, किल्ली घेतली... स्टाफच्या गेटवर गार्डने कार्ड मागितलं तेव्हा आठवलं, कार्ड काल परत केलंय." मग रिकाम्या हॉलकडे पाहून म्हणाले, "झालं का सगळं?"

मी पेटी बंद केली. म्हटलं, "नाही झालं. चला, व्हा उभे तिथे."

"अगं, वेडी का तू?"

"उभे राहा म्हणते ना!"

ते स्टेजच्या मधोमध जाऊन उभे राहिले. जरा डावीकडे सरकले. मी ओरडले तेव्हा पुन्हा मधे आले. सफाईवाल्यांनी खुर्च्या ठेवल्या आणि बघत राहिले. मी माझ्या विंगेत गेले, छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "वॉचमनच्या भूमिकेत... श्रीयुत..."

श्रीयुत.

पेडणेकर झालं, डॉक्टर झालं, पण पुढे... बावीस वर्षं! यांचं पहिलं नाव मला ठाऊकच नव्हतं.

पेडणेकरांनी मान हलवली नाही. नजर समोर, रिकाम्या हॉलवर. ओठ न हलवता, फक्त मलाच ऐकू येईल इतक्या हळू त्यांनी प्रॉम्प्ट दिला.

"वसंत. वसंत गोविंद."

"श्रीयुत वसंत गोविंद पेडणेकर!" मी ओरडले. आवाज चिरकला. सफाईवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेडणेकर वाकले नाहीत. माझ्याकडे वळले.

"पॉज फार लांबला तुझा, मंजू. परत घे."

आणि पुन्हा एन्ट्री घ्यायला विंगेत निघून गेले.