पाचोलीमावशीचं नाक

केशोरीच्या माझ्या मोठ्या मावशीकडे कोणीही गेलं, की पाण्याचा तांब्या नंतर यायचा. आधी ती हात मागायची. "आन इकडे मनगट," म्हणत कमरेची छोटी बाटली काढायची आणि खोबरेलात मिसळलेल्या पाचोलीच्या तेलाचा एक थेंब मनगटावर टेकवायची. पाहुण्याने हात नाकाशी नेला, की लगेच ओरडायची, "आता नोको हुंगू! चहा पे, मंग हुंग." घाई करणाऱ्याला ते तेल उग्र लागायचं, बरेच दिवस बंद ठेवलेल्या कोठीसारखं. चहा संपेपर्यंत मात्र त्याच थेंबाला नांगरलेल्या जमिनीचा मऊ, गोडसर वास यायचा. पाहुण्याचा चेहरा बदलला, की मावशी खूश.

तिचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. बचत गटाच्या प्रशिक्षणातून तिने अत्तरात वापरतात त्या पाचोलीची कलमं आणली, घरामागच्या आंब्याफणसांच्या सावलीत लावली आणि ती पाचोलीमावशी झाली. पुढे गटातल्या बायकांनी मिळून वाफेवर तेल काढायची भट्टी बसवली. पानं सावलीत वाळवायची, रोज उलथायची, नीट वाळली की भट्टीत भरायची, हे सगळं तिच्या देखरेखीखाली चालायचं. ताजं पान चुरगाळून "याले तं वासच नाही" असं कोणी म्हणालं, की तिचं उत्तर तयार असे. "ओलं पान मुकं रायते. वाळू दे, मंग बोलते थे."

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिच्या ओसरीवर बायका पाय पुढे करून बसायच्या. दिवसभर चिखलात राहून बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असायच्या. मावशी पाय धुऊन कोरडे करायला लावायची आणि खोबरेलात पाचोलीचे थेंब घालून लावायची. पण जखम लाल दिसली, की बाटलीला बूच लावून म्हणायची, "हे माह्या हातचं काम नोहे. दवाखान्यात जा." एकदा शेजारच्या एका म्हाताऱ्याने पोटदुखीवर चमचाभर तेल मागितलं. "पोटात घेशील तं सरळ वर जाशील बापा," मावशी म्हणाली, "अन् नाव माहं घेशील!"

या तेलाला घरातच एक वैरी होता. तिची सून शालू. माहेर तिरोड्याचं, स्वभाव मावशीइतकाच सडेतोड. पाचोलीच्या वासाने तिचं डोकं धरायचं. भट्टी पेटली, की ती नाकाला ओढणी बांधून स्वयंपाक करायची. एक दिवस तिने स्पष्टच सांगितलं, "आई, तेलाच्या बाटल्या घरात नको. मला जेवण जात नाही." मावशीला ते फार लागलं. बाटल्या गोठ्यात गेल्या आणि सासूसुनेचं बोलणं कामापुरतं उरलं. मी सुट्टीत गेले, की दोघी आपापल्या तक्रारी माझ्याकडे आणायच्या.

मग तापाची साथ आली आणि घरातले सगळेच आजारी पडले. बाकीचे बरे झाले. मावशीही हिंडूफिरू लागली, पण तिला वास येणं बंद झालं ते झालंच. तिने ते कोणालाच कळू दिलं नाही. पाहुण्यांची मनगटं मागणं चालूच होतं.

एका दुपारी ती भट्टीजवळ एकटीच पानं उलथत बसली होती. भट्टीतलं पाणी आटलं, आतली पानं करपायला लागली, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या मावशीला पत्ताच नाही. वास घरापर्यंत आला तेव्हा शालू धावत बाहेर आली. "आई, जळून राहिलं! तुम्हाला येत नाही का वास?" तिने जाळ ओढून काढला.  मावशी हातातली पानं खाली ठेवून म्हणाली, "नाही येत."

तिने स्वतःच भट्टीची किल्ली गटातल्या बायकांच्या हवाली केली. मी तिला फुलचूरला माझ्या घरी आणलं आणि गोंदियात डॉक्टरांना दाखवलं. वास परत येईल किंवा येणारही नाही, असं ते म्हणाले. लवंग, लिंबू रोज हुंगायला सांगितलं. मावशी सकाळी खिडकीशी बसून लवंग नाकाशी धरायची आणि परत डबीत टाकायची. "नाक नाही तं पाचोली कायले?" एवढंच बोलायची.

अशात एके दिवशी शालू बसने फुलचूरला आली. पिशवीत बायकांनी काढलेल्या नव्या तेलाची बाटली होती. तिने एक थेंब स्वतःच्याच मनगटावर लावला आणि सासूसमोर बसली.

"विचारा, आई. काय पाहिजे ते विचारा."

"तुले तं आवडत नाही ना हे?"

"नाहीच आवडत. म्हणून तर बारीकसारीक सगळं कळते मला."

 मावशीने हळूच विचारलं, "करपट लागते का?"

"नाही. आधी कापरासारखं लागते. मग ओली माती. अन् मागून भांड्याचा वास येते, पितळेसारखा."

"थो नव्या तेलाले रायतेच. बूच काढून फडकं बांध, हवा लागू दे. जाते थो."

चहा गार झाला तरी दोघींचं चाललंच होतं. दुसऱ्या दिवशी मावशी शालूबरोबर केशोरीला परत गेली. त्यानंतर भट्टीवर मावशीचे हात आणि शालूचं नाक, असं काम चाललं. भांडणंही चालूच होती, पण आता ती समोरासमोर होत.

मावशीला वास पुन्हा कधीच आला नाही. गेल्या धानकापणीच्या सुमारास ती फार थकली. दवाखान्यातून तिला घरी न्यायचं ठरलं तेव्हा मी गाडीत पुढे बसले होते. मागे शालूच्या मांडीवर तिचं डोकं होतं. वाटेत मावशी म्हणाली, "खिडकी उघड. सांग."

शालूने काच खाली केली. "कापलेलं धान आहे, आई. गोडसर लागते, उन्हात तापलेल्या तणशीसारखं. आता कोणीतरी चूल पेटवली, लाकूड ओलं आहे. आता तळं आलं, शेवाळ..."

मावशी डोळे मिटून हुंकार देत होती. शालू मध्येच थांबली.

"काऊन थांबली? अजून गाव कुठी आलं?" मावशी म्हणाली.

शालूने डोळे पुसले, तोंड खिडकीबाहेर काढलं आणि केशोरी येईपर्यंत सांगत राहिली.