बुरुजाची पहिली पायरी

फ्लोरिडात समुद्रकाठच्या एका जुन्या गावातला स्पॅनिश किल्ला बघायला गेलो होतो. बुरुजाच्या जिन्यापाशी माझ्यापुढे एक काका होते. पांढरे स्नीकर्स, डोक्यावर बहुधा मुलाची, सैल होणारी बेसबॉल कॅप. ती काढून ते वाकले, पहिल्या पायरीला हात लावला आणि कपाळी टेकवला. माणूस मराठी, हे आता विचारायला नको होतं.

काही पडलं का, असं गार्डनं इंग्रजीत विचारलं.

"नो, नो. फर्स्ट नमस्ते, देन क्लाइंब," काकांनी त्याला समजावलं.

मी हसून म्हटलं, "काका, हा गड स्पॅनिश लोकांचा."

"असू दे की. पाया पडून चढायची रीत आपली आहे," म्हणाले आणि ताठ मानेनं वर गेले.

माझ्यामागे रांग खोळंबली होती. खोळंबू दे म्हटलं, आणि वाकलो.